कानातल्या बुरशीवर थेंब तयार करताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की कोकणात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एकच तक्रार घेऊन माणसं येत राहतात: कान खाजतोय, दडा बसलाय, आत ओलं ओलं वाटतंय. एका डॉक्टर मैत्रिणीने मला असा कान सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा दाखवला. ओला टीपकागद चुरगळून कोंबावा तसा करडा गोळा, आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी. फार्मसीचे विद्यार्थी कानाच्या थेंबांचा प्रोजेक्ट घेऊन आले की मी आता त्यांना आधी असा एक कान बघून यायला सांगते. जागा न बघता औषध करायला बसलं की पुढच्या निम्म्या चुका तिथेच पेरल्या जातात.

ही जागा म्हणजे जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीची, किंचित वाकडी, पडद्यापाशी बंद होणारी नळी. तिच्यात द्रव मावतो साधारण एक मिलिलिटर. वारा लागत नाही, ओल सुकत नाही.

पहिली चूक औषध निवडतानाच होते. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध त्याच्या भाऊबंदांपेक्षा पाण्यात सहज विरघळतं, म्हणून मुलं तेच उचलतात. थेंब काचेसारखे स्वच्छ होतात. पण फ्लुकोनॅझोल कॅन्डिडा या दुसऱ्या बुरशीच्या बऱ्याच जातींवर चालतं, अ‍ॅस्परजिलसवर नाही, आणि कानात तर अ‍ॅस्परजिलसच जास्त भेटतो. चाचणीलाही फक्त कॅन्डिडा अल्बिकन्स वापरली तर ही गोष्ट शेवटपर्यंत कळतच नाही. दोन्ही बुरश्या घ्या. जमलं तर रुग्णाच्या कानातून वाढवलेली जात घ्या. आज रुग्णालयांना धडकी भरवणारी कॅन्डिडा ऑरिस २००९ साली जपानमध्ये प्रथम नोंदली गेली, ती एका रुग्णाच्या कानातूनच.

मग येतं बुरशीवरचंच दुसरं औषध, एक टक्का क्लोट्रिमॅझोल. निवड चांगली आहे, पण हे औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आणि आम्लात तुटतं. निरोगी कान किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून थेंबही तसेच करावेत असं वाटणं स्वाभाविक आहे. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड स्वतः बुरशीला आवरतं, म्हणून कुणी तेही सोबत घालतं. मग टिकाऊपणा तपासायला ४० अंशांवर ठेवलेल्या बाटल्यांमध्ये औषधाचं प्रमाण महिन्यागणिक घसरायला लागतं आणि दोष ते प्रमाण मोजणाऱ्या एचपीएलसीच्या मशीनवर जातो. अशा वेळी आधी फॉर्म्युल्यातलं आम्ल तपासा.

प्लेटवरच्या वर्तुळांबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय, कारण इथे प्रामाणिक मुलंही फसतात. बुरशी वाढवलेल्या आगरच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटमध्ये कपासारखा खड्डा करून त्यात औषध भरतात; त्याभोवती बुरशी न वाढलेलं मोठं वर्तुळ आलं की प्रबंधात लगेच ‘उत्कृष्ट परिणाम’ असं लिहिलं जातं. मी विचारते, औषध न घातलेल्या नुसत्या द्रवाचं वर्तुळ केवढं आलं? पुष्कळदा त्या द्रवाचा कप भरलेलाच नसतो. एका मुलीला मी तो भरायला लावला आणि दोन दिवसांनी आम्ही दोघी पट्टी घेऊन बसलो. दोन वर्तुळांत डोळ्यांना दिसेल असा फरकच नव्हता. बुरशी मारत होते औषध विरघळवायला घातलेले अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल. याच्या उलटही घडतं. क्लोट्रिमॅझोल आगरमधून नीट पसरत नाही, त्यामुळे चांगलं औषधही लहान वर्तुळ देतं आणि मुलं हिरमुसतात. म्हणून द्रव माध्यमात क्रमाने पातळ करत जाऊन बुरशी रोखणारी किमान मात्रा काढा, आणि प्रत्येक नळीत सॉल्व्हंटचं, म्हणजे औषध विरघळवणाऱ्या द्रवाचं, प्रमाण सारखं ठेवा.

हल्ली पोलॉक्झॅमरच्या, म्हणजे ऊब लागली की घट्ट होणाऱ्या, जेलची फार ओढ आहे. बाटलीत पातळ, कानात गेल्यावर घट्ट, ऐकायला सुरेख वाटतं. अकोल्याचा एक विद्यार्थी मे महिन्यात आपल्या बाटल्या घरी घेऊन गेला आणि थेंब पडेचना. कानात घट्ट होणारं जेल विदर्भातल्या ४४ अंशांत बाटलीतच घट्ट होणार. त्यावर उपाय म्हणून फ्रिजमध्ये ठेवा म्हणावं, तर गार थेंब कानात पडताच माणसाला गरगरायला लागतं. शिवाय हे जेल बहुतांशी पाणीच असतं, कानातल्या ओलीने ते आणखी पातळ झालं तर घट्ट होतही नाही, आणि झालंच तर आधीच बसलेला दडा वाढतो. माझं मत विचाराल तर पीईजी ४०० या औषध विरघळवणाऱ्या द्रवातलं साधं, पाणी नसलेलं द्रावण बरं.

त्वचेच्या मलमासाठी केलेली फ्रान्झ सेलची चाचणीही (कातडीच्या तुकड्यातून औषध किती आरपार जातं ते मोजणारी) जशीच्या तशी उचलू नका. त्या आरपार जाण्याला इथे महत्त्व नाही, औषध वरच्या थरात किती टिकलं ते मोजा.

एका बाबतीत मात्र हयगय नको. पडद्याला भोक असेल तर हे थेंब मधल्या कानात उतरतात. प्रोपिलीन ग्लायकॉलने तिथे सूज येते आणि ऐकण्याला इजा होते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. अशा कानासाठीचे थेंब निर्जंतुक, प्रिझर्वेटिव्ह नसलेले आणि एकदाच वापरायच्या पॅकमध्ये असावेत, असं युरोपियन फार्माकोपिया, म्हणजे युरोपातला औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ, सांगतो. तुमचं द्रावण तसं नसेल तर ‘पडदा शाबूत असल्याची डॉक्टरांनी खात्री केल्यावरच’ ही ओळ लेबलवर ठळक हवी, आणि मराठीत हवी.

तो टीपकागदासारखा गोळा डॉक्टरांनी आधी साफ केला नाही, तर कुठलंही औषध खालच्या कातडीपर्यंत पोचत नाही. माहितीपत्रकात तेही लिहा. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरून कोमट करा, थेंब घातल्यावर पाच मिनिटं कुशीवर पडून राहा, खाज थांबली म्हणून चार दिवसांत औषध सोडू नका, हेही लिहा. मग ती बाटली आणि तो कागद घरातल्या आजीच्या हातात द्या आणि काही न बोलता बघत बसा. ती कुठे अडखळते ते लिहून घ्या.