विद्युत पाकट ओळखताना: बंदरावर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मत्स्यशास्त्रात किंवा प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना मुशी-पाकटांचा (शार्क आणि रे माशांचा) विषय घेतलात, की विद्युत पाकट, म्हणजे झटका देणारा इलेक्ट्रिक रे, कधी ना कधी हातात येतंच. त्याला मुद्दाम कुणी पकडत नाही. कोळंबीसाठी ट्रॉल ओढला, की तळावरचं जे काही वर येतं त्यात तेही येतं. ससून डॉक असो की रत्नागिरीचा मिरकरवाडा, लिलावाच्या पाट्यांत ते शोधू नका, कारण त्याला भावच नाही. फिशमीलला, म्हणजे माशांची भुकटी करायला, जाणाऱ्या ढिगात बघा. मात्र ढिगाला हात लावण्याआधी, "मावशी, यातलं एक घेऊ का?" एवढं विचारा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा प्रबंधाचं वेळापत्रक ते धरूनच आखा.

मऊ, गुळगुळीत, गोलसर चकती, अंगावर खवले नाहीत, शेपटीवर नांगी नाही, शेपूट जाड आणि टोकाला नीट दिसणारा शेपटीपर, असं काही दिसलं की ते बाजूला काढा. पोटाची बाजू वर करून उजेडात धरा. डोक्याच्या दोन्ही अंगांना त्वचेखाली मोहोळाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. हेच वीज तयार करणारं इंद्रिय. बर्फातलं मेलेलं पाकट झटका देत नाही, पण रोजच्या रोज परतणाऱ्या छोट्या होडीवर ते जिवंत असू शकतं, म्हणून रबरी हातमोजे घाला. अटलांटिकमधल्या टेट्रोनार्से नोबिलियाना या मोठ्या विद्युत पाकटाचा झटका २२० व्होल्टपर्यंत जातो. आपल्याकडच्या लहान जातींचा त्या मानाने बराच सौम्य, तरी हातातलं खाली टाकायला पुरेसा.

आता पाठीवरचे पर मोजा. एकच असेल तर आपल्या किनाऱ्यावर ते बहुधा नार्के डिप्टेरिजिया. दोन असतील तर त्यांचा आकार ताडून बघा. पहिला ठळकपणे मोठा आणि चकतीची पुढची कड सरळ कापल्यासारखी असेल, तर टॉर्पेडो. दोन्ही जवळपास सारखे आणि चकती पुढून गोलाकार असेल, तर नार्सिने. मात्र 'दोन पर म्हणजे नार्के कुळ नव्हे' असं घोकू नका. त्याच कुळातल्या हेटेरोनार्केला दोन पर असतात, आणि त्यातली हेटेरोनार्के प्रभूई ही जात तलवार या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये केरळच्या कोल्लमकडची म्हणून नोंदवली आहे.

म्हणून माझा खरा भर तोंडावर असतो. नार्सिनेचं तोंड लहान, आडवं, भोवती खोल खाच. चिमट्याने ओठ धरून हलकेच ओढलं की ते आखूड नळीसारखं बाहेर येतं, आणि तोंड मिटलेलं असतानाही दातांचा पट्टा बाहेर दिसतो. नार्के कुळात ही खाच उथळ. टॉर्पेडोचं तोंड रुंद आणि कमानदार, अख्खा मासा गिळणाऱ्याला शोभेलसं. त्याच्या डोळ्यांमागच्या छिद्रांच्या कडेवर बारीक मांसल बोंडंही असतात. ती भिंगाखाली बघाच.

कुळ आणि प्रजाती (जीनस) इथवर एका सकाळीत जमतं. जातीपाशी (स्पीशीजपाशी) मात्र घाई नको. नार्सिने टिमलेई (वर्णन १८०१चं) आणि नार्सिने ब्रुनिया (वर्णन १९०९चं) दोन्ही तपकिरी. जुन्या पुस्तकांत रंगावर बराच भार दिसतो, पण बर्फात आणि फॉर्मॅलिनमध्ये रंग उतरतो, शिवाय पिल्लांची नक्षी मोठ्यांपेक्षा वेगळी असू शकते. मापं जुळेनात तर वहीत 'नार्सिने, जात अनिश्चित' असं लिहून मोकळे व्हा. मार्गदर्शक कुरकुरतील, कुरकुरू द्या. अरबी समुद्राच्या पलीकडच्या, ओमानकडच्या पाण्यातून नार्सिने ऑक्युलिफेरा २००२ मध्ये आणि नार्सिने आट्झी २००३ मध्ये नव्याने वर्णिली गेली. अशा समुद्रात जुन्या यादीतलं नाव जबरदस्तीने चिकटवणं मला पटत नाही.

डीएनए करून घेऊ, असं हल्ली लगेच सुचवलं जातं. जरूर करा. जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. पण डेटाबेसमधली नावंही कुणीतरी पाकट बघूनच दिलेली असतात, ती चुकली असतील तर तुमचंही चुकणार. म्हणून नमुना जपून ठेवा, क्रम मात्र पाळा: आधी ताज्या रंगाचे पाठीचे आणि पोटाचे फोटो, पर पसरून, शेजारी पट्टी ठेवून. मग मांसाचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, आणि त्यानंतरच नमुना १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिन आधी लागलं तर डीएनए खराब होतो. नर असेल तर क्लास्पर (पोटाकडच्या परांजवळची नराची दोन जननांगं) दाबून बघा, कडक झाले असतील तर तो वयात आलेला. कुठल्या बंदरावर, कुठल्या जाळ्यात, किती वाव खोलीवर मिळालं हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, तिथल्या तिथे विचारा, घरी आल्यावर ते कुणी सांगणार नाही. आणि लेबल जाड कागदावर, पेन्सिलने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.