प्लेगच्या काळातली कादंबरी वाचताना

सुरुवातीच्या प्रकरणांतच गाव, साल आणि महिना शोधा आणि वाचनखुणेवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. १३४८ चं फ्लॉरेन्स, १६६५ चं लंडन आणि १८९६ ची मुंबई, तिन्हीकडे प्लेगच. पण माणसांना त्याबद्दल ठाऊक काय होतं, ते अगदी निराळं. रोगाचा जंतू सापडला १८९४ मध्ये, हाँगकाँगला. उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये मांडलं, आणि तेही लगेच कुणी मानलं नाही. त्यामुळे १६६५ मधलं पात्र पिसवांवर संशय घेऊ लागलं, तर तिथे लेखक बोलतोय असं समजा. लंडनकरांनी तेव्हा मारली ती कुत्री आणि मांजरं. हवा दूषित झाली म्हणून रस्त्यात शेकोट्या पेटवणारा अधिकारी मात्र मूर्ख नाही. त्याच्या काळाच्या समजुतीत ते चोख बसतं.

चोचीचा मुखवटा घातलेला वैद्य दिसला की साल पुन्हा बघा. तो सतराव्या शतकातला. १३४८ च्या कथेत आला तर चूक.

आता आजाराचे दिवस मोजा. संसर्गानंतर साधारण १ ते ७ दिवसांत थंडीताप, मग जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ. औषधाविना गाठीच्या प्लेगनं ३० ते ६० टक्के रोगी दगावतात, म्हणजे नायिका वाचली तर तो लेखकाचा लाड नव्हे. फुफ्फुसाच्या प्लेगमधून औषधाविना वाचली, तर मात्र खुशाल शंका घ्या.

लंडनमध्ये रोगी सापडला की निरोग्यांसकट घर ४० दिवस बंद करत, दारावर पहारा बसे. अशा प्रकरणात समासात दिवस लिहीत जा: अन्न कोण आणतं, पहारेकऱ्याला लाच मिळते का, प्रेत कधी हलतं. कच्चा लेखक इथेच घसरतो. विसाव्या दिवशी पात्र सहज बाजारात भेटतं.

आकडेही जपून घ्या. १६६५ च्या लंडनमधले प्लेगचे नोंदलेले मृत्यू ६८,५९६. खरे याहून जास्त, कारण घर बंद होऊ नये म्हणून लोक मृत्यूचं कारण लपवत.

तारखांत आणखी एक खोच आहे. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागे. जुन्या पत्रातला ‘फेब्रुवारी १६६५’ आपल्या हिशेबानं १६६६ चा. घटना उलटसुलट वाटल्या, तर लेखकाला दोष देण्याआधी हे तपासा.