चिनी वाक्य रचताना आधी मराठी वाक्य मनात आणावे

मँडरिन चिनी शिकणारे बरेच मराठी भाषक इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून वेळ आणि ठिकाण शेवटी टाकतात आणि तिथेच वाक्य बिघडते. त्याऐवजी मराठी वाक्यच घ्यावे आणि त्यातले फक्त कर्म उचलून क्रियापदाच्या मागे ठेवावे.

१. ‘मी उद्या घरी चहा पितो’ हे वाक्य घ्या.
२. ‘चहा’ शेवटी न्या: मी, उद्या, घरी, पितो, चहा.
३. शब्द बदला: वो मिंगथ्येन त्साय ज्या हऽ छा. (‘त्साय’ म्हणजे ‘-त’ किंवा ‘-ई’, मात्र तो ठिकाणाच्या आधी येतो.)

प्रश्नासाठी मराठी ‘का’सारखाच शेवटी ‘मा’ जोडावा: नी हऽ छा मा? ‘तू चहा पितोस का?’ ‘काय’साठी असलेला ‘शन्मऽ’ मात्र चहाच्याच जागी बसतो, म्हणजे ‘नी हऽ शन्मऽ?’, आणि तिथे ‘मा’ लागत नाही. हे साम्य मला फार मोलाचे वाटते.

एक खबरदारी घ्यावी: ‘केव्हा’चे उत्तर क्रियापदाच्या आधी येते, पण ‘किती वेळ’चे उत्तर, उदाहरणार्थ ‘दोन तास’, क्रियापदाच्या नंतर येते.