कासवाचं खाणं सुटू नये म्हणून थंडीआधीची तयारी

परभणीकडच्या हिवाळ्यात दुपारचं ऊन चटका देतं आणि पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. घरात पाळलेल्या सल्काटा कासवाचं खाणं बहुतेक वेळा याच दिवसांत सुटतं. हे कासव मूळचं आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिण कडेचं. ते शीतनिद्रा घेत नाही. त्यामुळे गप्प पडून राहिलं तर ‘थंडीचं झोपलंय’ म्हणून सोडून देऊ नका. अंगात ऊब नसली की त्याचं पचन थांबतं, आणि पचन थांबलं की ते पानाला तोंड लावत नाही. म्हणून तयारी दिवाळीच्या आतच उरका. आधी ऊब, मग पाणी आणि शेवटी खाणं, हा क्रम मोडू नका.

उबेसाठी दोन थर्मामीटर घ्या, एक कासवाच्या खोक्यातल्या ऊब देणाऱ्या दिव्याखाली आणि एक लांबच्या कोपऱ्यात. दिव्याखाली ३५ अंशांच्या आसपास हवं, दुसरी बाजू थोडी थंड, आणि रात्री २० च्या खाली जायला नको. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरवलेलं तापमान राखणाऱ्या बटणाला, जोडून ठेवा. लाइट जाणार हे धरूनच चला: गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवता येतात. साध्या बल्बने ऊब मिळते, पण ऊन मिळत नाही. कवचाला लागणारं कॅल्शियम अंगी लागायला उन्हातली अतिनील किरणं लागतात आणि ती खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. सकाळचं कोवळं ऊन अंगणातच द्या. बाजूला सावली असू द्या आणि कुत्र्यांवर लक्ष ठेवा.

पाण्यासाठी एक पसरट घमेलं फक्त त्याच्यासाठी वेगळं काढा. कोमट पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच घालून त्यात २० मिनिटं बसवा. ते मान लांब करून पाणी पितं आणि बहुधा तिथेच घाण करतं. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग दह्यासारखा मऊ असेल तर ठीक. बोटांत चोळून वाळूसारखा खरखरीत लागला तर अंगात पाणी कमी आहे, रोज बसवा. नंतर हात साबणाने धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे, म्हणजे माणसाला जुलाब लावणारे, जंतू असू शकतात. हे घमेलं स्वयंपाकघरात नेऊ नका.

खाण्यात मुख्य हरळी आणि इतर गवत. सोबत जास्वंदाची पानं-फुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग आणि तुतीची पानं. बीड-जालन्याकडे रेशमासाठी तुती लावतात, तिथे पानं सहज मिळतील. सोयाबीन-कापसाच्या बांधावरचं गवत मात्र तणनाशकाच्या भीतीने टाळाच. पालकाचा रोजचा रतीब नको, भात-पोळी तर मुळीच नको. टोमॅटो-केळ्याची चटक लागली की कासव गवताकडे नुसतं हुंगून तोंड फिरवतं. लाड पुरवण्यापेक्षा गवतात जास्वंदाच्या फुलाचे तुकडे मिसळा. थंड पडलेल्या, पाणी कमी झालेल्या कासवाच्या तोंडात बळजबरीने काही कोंबू नका.

स्वयंपाकघराबाहेरचा एक वजनकाटा आणि वही जवळ ठेवा. आठवड्यातून एकदा, खाण्याआधी वजन करा. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजलेले डोळे, तोंडात पिवळट-पांढरा थर, किंवा जबड्याची चोच इतकी वाढलेली की घास तुटत नाही, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. मादी सारखी जमीन उकरत असेल आणि खात नसेल तर अंडी अडकल्याची शंका घ्या. ऊब आणि पाणी नीट असूनही मोठं कासव आठवडाभर उपाशी राहिलं, किंवा पिल्लू दोन-तीन दिवस, तरी दवाखाना गाठा.

परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आधी फोन करून कासवाची सवय असलेले डॉक्टर आहेत का ते विचारा. सोबत ताज्या विष्ठेची डबी, वजनाची वही आणि खोक्याचा फोटो न्या. जंताचं औषध निघालं तर आयव्हरमेक्टिन देऊ नका असं स्पष्ट सांगा. गाई-शेळ्यांना सर्रास टोचलं जाणारं हे औषध कासवाचा जीव घेतं.

कागदपत्रंही तयारीतच धरा. सल्काटाची नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपल्याकडचं स्टार कासव मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरात ठेवता येत नाही. ते तुमच्याकडे आलं असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि ते लोक येईपर्यंत वर सांगितलेली ऊब त्यालाही द्या.