जुनं सिंक भंगारात देऊ नका, त्याचं छोटं तळं होतं

किचन रिनोव्हेट केलं की जुनं स्टीलचं सिंक भंगारवाल्याकडे जातं, पण ते जर कुठे गळत नसेल तर कुमुदिनी लावायला एकदम मस्त आहे. कमळ नको, त्याला मोठं पसरट भांडं लागतं, छोट्या जातीची वॉटर लिली मात्र 8-9 इंच खोलीत आरामात फुलते.

आधी जागा ठरवा, कारण भरल्यावर सिंक हलवता येत नाही. 24 बाय 18 इंचाच्या सिंकमध्ये जवळपास 60 लिटर पाणी मावतं म्हणजे तेवढंच 60 किलो वजन झालं, त्यामुळे बाल्कनीत रेलिंगला टेकून ठेवायचं नाही, भिंतीच्या कडेला ठेवा. लिलीला 5-6 तास ऊन हवं पण स्टील दुपारी सॉलिड तापतं, म्हणून सकाळचं ऊन मिळेल अशी जागा बघा आणि बाहेरून विटा रचा किंवा गोणपाट गुंडाळा.

आता मेन काम, भोक बंद करणं. जाळी तशीच राहू द्या, खालचा पाइप काढा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि त्या मापाची एंड कॅप घट्ट बसवा. असं केलं की पुढे साफ करताना कॅप काढून पाणी सोडता येतं. जाळीच्या कडेने पाझरत असेल तर सिलिकॉन लावा पण ते मत्स्यटाकीचंच घ्या, बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं आणि त्याने मासे मरतात. वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ते उघडंच ठेवा, पावसाळ्यात जास्तीचं पाणी तिथून जातं, फक्त बारीक जाळी लावा नाहीतर मासे पण जातील. खाली कॅप येते म्हणून सिंक चार बाजूंनी विटांवर टेकवा आणि पाणी भरून एक दिवस गळतंय का बघा.

लिलीच्या कुंडीत चिकण माती घाला, कोकोपीट किंवा गांडूळखत नको, ते तरंगून पाणी घाण करतं. मातीवर जाड वाळूचा थर द्या आणि कुंडी अलगद पाण्यात सोडा. कडेला ब्राह्मी किंवा वेखंड छान दिसतं. जलपर्णी मात्र आणूच नका, ती नाल्यात-नदीत गेली की आवरत नाही.

आणि डास! यात अजिबात ढिलाई नको, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडायला लागतात. नळाचं पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या मग 5-6 गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. बऱ्याच ठिकाणी महापालिकेच्या मलेरिया विभागात गप्पी फुकट मिळतात, विचारून बघा. वाढलेले गप्पी विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका, तिथल्या माशांना त्रास होतो. घरात रांगतं मूल असेल तर वर मजबूत जाळी हवीच.

मासे सांभाळणं जमणार नसेल, किंवा महिनाभर गावाला जाणार असाल, तर माझं स्पष्ट मत आहे की तळं करूच नका, भोक उघडं ठेवून त्यावर खापरीचा तुकडा ठेवा आणि माती भरून अळू लावा. परसात मोरीच्या पाण्यावर वाढणारं झाड ते, ओल धरून ठेवणाऱ्या सिंकमध्ये खूश असतं, आणि वडीसाठी पानं घरचीच मिळतात.