आयकॉनचा संच कसा घडवावा: एका छोट्या स्टुडिओची कामाची पद्धत

ग्राहकाकडून आयकॉनची यादी हाती आली की संगणक उघडण्याची घाई करू नये. लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीतील गाळ्यात आम्ही चौघे आयकॉनचेच काम करतो, आणि नुकताच आम्ही एका पतपेढीच्या मोबाइल ॲपसाठी छत्तीस आयकॉनचा संच पूर्ण करून दिला. या कामात पडणाऱ्या बहुतेक अडचणी त्या एकाच संचात भेटल्या, म्हणून त्याच्याच आधारे ही पद्धत मांडत आहे.

यादीतील प्रत्येक शब्दापुढे, हे चित्र कोण, कोणत्या पडद्यावर आणि कशासाठी दाबणार आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ज्या शब्दापुढे असे वाक्य लिहिता येत नाही, त्याला बहुधा आयकॉनची गरज नसते. पतपेढीच्या मूळ यादीत एक्कावन्न शब्द होते. त्यांतील ‘अटी व शर्ती’, ‘आमच्याविषयी’ यांसारखे पंधरा शब्द आम्ही ग्राहकाशी बोलून वगळले, कारण तेथे नुसती अक्षरेच पुरेशी होती. मोबदला चित्रागणिक ठरलेला असताना चित्रे कमी करा असे सुचवणे जड जाते, तरीही ते सुचवावे.

उरलेल्या यादीतील सर्वांत अवघड शब्द आधी हाती घ्यावेत. घर, भिंग, घंटा ही चित्रे केव्हाही काढता येतात. आमच्या यादीत अवघड शब्द होता ‘जामीनदार’. पहिल्या आराखड्यात हस्तांदोलन होते, ते पाहून पतपेढीच्या सभासदांनी ‘करार’ असे सांगितले. दुसऱ्यात एका माणसामागे दुसरा माणूस उभा होता, त्याला त्यांनी ‘संयुक्त खाते’ म्हटले. मग पतपेढीच्या काउंटरवर बसून आम्ही कर्जाचा प्रत्यक्ष अर्ज पाहिला. कर्जदाराच्या सहीखाली जामीनदाराची सही होते, एवढी साधी गोष्ट तेथे डोळ्यांसमोर आली, आणि एका कागदावर एकाखाली एक दोन सह्या असे चित्र ठरले. नुसते चित्र पाहून तेही फार थोड्यांना कळले, हे मान्य केले पाहिजे. मात्र खाली ‘जामीनदार’ हा शब्द असताना ज्यांनी ते एकदा पाहिले, त्यांना दुसऱ्या वेळी ते शब्दाशिवायही अचूक सापडले. अमूर्त शब्दाच्या आयकॉनकडून एवढीच अपेक्षा ठेवावी: अर्थ शब्दाने सांगावा आणि आयकॉनने तो पुढच्या वेळी पटकन आठवून द्यावा. म्हणूनच अशा आयकॉनखालचा शब्द काढून टाकण्याची मागणी आली, तर आम्ही ती नम्रपणे नाकारतो.

कच्चे आराखडे आलेखकागदावर पेन्सिलीने काढावेत. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केअर यांनी बत्तीस गुणिले बत्तीस चौकटींत, आलेखकागदाचे चौकोन भरतच आयकॉन आखले होते. आज पडदे कितीतरी सुबक झाले असले, तरी चौकोन मोजण्याची ही सवय टिकवण्यासारखी आहे. आम्ही चोवीस पिक्सेलचा चौरस घेतो, चारही बाजूंनी दोन पिक्सेल मोकळे सोडतो आणि उरलेल्या वीस पिक्सेलांत चित्र बसवतो. त्यात वर्तुळ वीसचे, चौरस अठराचा आणि उभा आयत सोळा गुणिले वीसचा ठेवावा. हे आकडे मटेरियल डिझाइन या गूगलच्या नियमावलीत आहेत आणि त्यांमागचे कारण डोळ्यांना पटते: वर्तुळाएवढ्याच उंचीचा चौरस शेजारी ठेवला, तर कोपऱ्यांमुळे तो मोठा भासतो. रेघेची जाडी, कोपऱ्याची गोलाई आणि तिरप्या रेघेचा कोन एकदा ठरवून कागदावर लिहावा. जर्मन डिझायनर ओट्ल आयशर यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी केलेली खेळाडूंची चिन्हे एका कुटुंबातील वाटतात, त्याचे मोठे कारण म्हणजे त्यांची मांडणी आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशांच्या रेघांवर बेतलेली आहे.

रुपयाच्या चिन्हाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आर्थिक ॲपच्या प्रत्येक संचात ते असते आणि हमखास बिघडते. आपल्याच पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचा हा आराखडा केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारला. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ, त्यावर शिरोरेषा आणि तिच्याखाली दुसरी आडवी रेघ, अशी त्याची घडण आहे. बहुतेक जण ते नाण्याच्या वर्तुळात बसवतात. आता चौकोन मोजून पाहावेत. वीस पिक्सेलच्या वर्तुळाची रेघ दोन पिक्सेलची धरली, तर आत सोळा उरतात, आणि वरखाली तीन-तीन सोडले, तर चिन्हाच्या वाट्याला दहा येतात. शिरोरेषा, तिच्याखालची रेघ आणि ‘र’च्या पोटाची खालून परतणारी रेघ, अशा तीन आडव्या रेघा प्रत्येकी दोन पिक्सेलच्या आणि त्यांमध्ये दोन-दोन पिक्सेलची फट धरली, की दहाही पिक्सेल तेथेच संपतात आणि तिरप्या पायाला जागाच उरत नाही. त्यामुळे फटी बुजतात आणि पडद्यावर एक काळसर ठिपका दिसतो. चोवीसच्या मापात नाणे काढूच नये, रुपया एकटा आणि पूर्ण उंचीचा ठेवावा. नाण्यातील रुपया हवाच असेल, तर तो मोठ्या मापासाठी स्वतंत्र काढावा. मोठे चित्र दाबून लहान करणे टाळावे.

माणसाची आकृती काढताना, ती कोणाची आहे हा प्रश्न स्वतःला विचारावा. दादर-माहीम भागातील सिग्नलांवर महापालिकेने २०२० साली स्त्रीची आकृती बसवली, तेव्हा तोवर दिसणारी आकृती पुरुषाचीच होती हे अनेकांच्या प्रथमच लक्षात आले. पतपेढीच्या सभासदांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, म्हणून ‘सभासद’ या चित्रात आम्ही केवळ डोके आणि खांदे ठेवले, आणि कपडे किंवा केस सुचवणारी एकही रेघ काढली नाही.

मराठी शब्दांसाठी जागा पहिल्या दिवसापासून राखावी. वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतो, त्यामुळे इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या ओळीत ‘मुदत ठेव’ किंवा ‘पावती’ हे शब्द वरून अथवा खालून कापले जातात. शब्द आयकॉनच्या शेजारी असेल, तर आयकॉनचा मध्य शिरोरेषा आणि अक्षराचा तळ यांच्या मध्याशी जुळवावा, मात्रा-उकार हिशेबात धरू नयेत. रेघेची जाडीही शक्यतो शिरोरेषेच्या जाडीच्या जवळपास ठेवावी, म्हणजे चित्र आणि शब्द एकाच हाताचे वाटतात.

तपासणी प्रत्यक्ष मापात आणि प्रत्यक्ष जागी करावी. संगणकावर आठपट मोठे करून पाहिलेले चित्र सुरेखच दिसते. आम्ही संच स्वस्त फोनवर टाकून दुपारच्या उन्हात परळ स्थानकाच्या फलाटावर पाहतो आणि नंतर गर्दीच्या लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून, अंगठ्याने दाबून पाहतो. फिकट करड्या रेघा या परीक्षेत टिकत नाहीत. आयकॉन आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळपणाचा किमान तीनास एक एवढा फरक (कॉन्ट्रास्ट) असावा, असे वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे, आणि ते केवळ दृष्टिदोष असलेल्यांपुरते समजू नये. चित्र चोवीसचे असले, तरी दाबण्याची जागा अँड्रॉइडवर अठ्ठेचाळीसची ठेवावी. लोकांना चित्र दाखवताना ‘आवडले का?’ असे विचारू नये, कारण समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो. ‘हे दाबल्यावर काय होईल?’ असे विचारावे आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

फाइली देताना मात्र मन शांत असावे. एका जुन्या कामात आम्ही रेघांचे भरीव आकारांत रूपांतर न करताच एसव्हीजी फाइली, म्हणजे हव्या त्या मापात लहानमोठी करता येणारी चित्रे, पाठवल्या. माप बदलताच त्यांच्या रेघांची जाडी वेगवेगळी दिसू लागली, आणि चूक सर्वस्वी आमची असल्याने पूर्ण संच पुन्हा करून द्यावा लागला. तेव्हापासून मूळ संपादनयोग्य फाइल वेगळी, देण्याची फाइल वेगळी, आणि पाठवण्यापूर्वी चौघांपैकी ज्याने ते चित्र काढलेले नाही त्यानेच ती उघडून पाहायची, असा आमचा नियम आहे. फाइलींची नावे चित्रात काय दिसते त्यावरून द्यावीत. ‘दोन सह्या’ या नावाची फाइल उद्या दुसऱ्या अर्थानेही वापरता येते.

हक्कांचा मजकूर कोटेशनमध्येच लिहावा, कारण आमच्यासारख्या लहान स्टुडिओंचे वाद बहुधा येथेच होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत, असे धरले जाते. हे ग्राहकाला आधीच समजावून सांगितले, तर त्यालाही बरे वाटते. दुरुस्तीच्या किती फेऱ्या मोबदल्यात येतात आणि त्यापुढे दर काय, हेही त्याच कागदावर असावे.

ॲप प्रकाशित झाल्यावर ते स्वतःच्या फोनवर उतरवून घ्यावे आणि एकेका पडद्यावर जाऊन छत्तीसही चित्रे पाहावीत. पतपेढीच्या ॲपमध्ये दोन ठिकाणी चित्रे आडवी ताणली गेली होती, आणि एका ठिकाणी ‘हप्ता’च्या जागी ‘ठेव’ लागले होते. पडद्यांची छायाचित्रे खुणा करून प्रोग्रामरकडे पाठवली, आणि पुढच्या आवृत्तीत तिन्ही चुका सुधारल्या गेल्या.