काढलेलं तांबं रात्रीत परत यायचं

दादरच्या मंडईतून पोतंभर काकड्या आणायच्या, सालं काढून त्यांतून एन्झाइम वेगळं करायचं. घरात महिनाभर कोशिंबीरच! एन्झाइम अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज, क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण करणारं. त्याच्या एका उपएककात (प्रथिनाच्या एका साखळीत) तांब्याचे 4 अणू: एक निळा रंग देणारा टाइप-1, एक टाइप-2, दोन टाइप-3. मला फक्त टाइप-2 काढायचा होता.

आधी सायनाइड वापरलं. सगळंच तांबं गेलं, द्रावण रंगहीन. मग जुनी पद्धत धरली: नायट्रोजनखाली, आम्लधर्मी अ‍ॅसिटेट बफरमध्ये फेरोसायनाइड आणि डायमिथिलग्लायऑक्झाइम, नंतर धातू पकडून ठेवणारं ईडीटीए घालून डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून लहान रेणू बाहेर झिरपवणं. 610 नॅनोमीटरचा शोषण-पट्टा, म्हणजे निळा रंग, टिकला; क्रियाशीलता पडली. म्हटलं जमलं.

दुसऱ्या दिवशी लोकलमधून घामाघूम उतरून मोजलं, तर क्रियाशीलता अर्धी परत! तांबं मी घातलंच नव्हतं.

चार दिवस पद्धतीलाच दोष देत बसलो. चोर निघाली डायलिसिसची पिशवी. त्या नळीत धातूचे अंश असतात आणि टाइप-2 ची रिकामी जागा ते अधाशासारखे ओढून घेते. ईडीटीए धुऊन काढलं की राखणदारच उरत नाही. आता नळी सोडियम बायकार्बोनेट आणि ईडीटीएत उकळतो, मग शुद्ध पाण्याने भरपूर धुतो. काच सौम्य नायट्रिक आम्लात रात्रभर. बफर धातू शोषून घेणाऱ्या चेलेक्स रेझिनमधून.

परवाचा नमुना दोन दिवस निष्क्रिय राहिला, आणि मोजून तांबं घातल्यावर पुन्हा जागा झाला. तांबं घालण्याआधी ईपीआरमध्ये (जोडी नसलेले इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या तंत्रात) टाइप-2 चा संकेतही नाहीसा होता.